चाळीस शिलाई मशीन आणि एक डंक: कोल्हापुरातल्या एका सीएसआर प्रकल्पाची हकीकत

भोगावतीकाठच्या तीन गावांत, करवीर तालुक्यात, आमच्या छोट्या संस्थेने एका कंपनीच्या पैशावर जे काम केलं त्याची ही नोंद आहे. कंपनी, गावं आणि माणसं कोण ते कळू नये म्हणून ओळखीचे तपशील काढले आहेत. आमच्या चुका मात्र तशाच ठेवल्या आहेत, कारण जिल्ह्यातल्या इतर संस्थांना आणि कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना या नोंदीतला तोच भाग उपयोगी पडेल असं मला वाटतं.

पार्श्वभूमी

कंपनी कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतीतली, ओतकाम आणि मशिनिंग करणारी. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे एखाद्या कंपनीचा आधीच्या आर्थिक वर्षातला निव्वळ नफा ५ कोटींवर गेला, किंवा उलाढाल १,००० कोटींवर किंवा नक्त मूल्य ५०० कोटींवर असलं, तर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. यालाच सीएसआर म्हणतात. ही कंपनी नफ्याच्या अटीमुळे पहिल्यांदाच या कलमात आली होती. रक्कम निघाली १४ लाखांच्या आसपास. ५० लाखांपर्यंतच्या रकमेसाठी वेगळी सीएसआर समिती नेमावी लागत नाही, संचालक मंडळच निर्णय घेतं. त्यामुळे सगळा कारभार मालक, मनुष्यबळ विभागाच्या मॅडम आणि अकाउंट्सचे एक साहेब एवढ्या तिघांच्या हातात होता.

फेब्रुवारी २०२२ मध्ये मॅडमचा फोन आला. आमच्याकडे असा निधी घेण्यासाठी लागणारी १२ए, ८०जी आणि सीएसआर-१ ची नोंदणी होती आणि बचत गटांसोबत कामाचा अनुभव होता. "महिलांसाठी काहीतरी करायचं आहे, ३१ मार्चच्या आत खर्च दिसला पाहिजे," असं त्या म्हणाल्या. त्यांच्यावर किती दडपण होतं ते आवाजातच कळत होतं.

आम्ही होकार दिला. पाच आठवड्यांत ४० शिलाई मशीन घेतल्या आणि तीन गावांत वाटल्या. तीन महिन्यांचा शिवणवर्ग दीड महिन्यात उरकला. उरलेल्या पैशातून कंपनीने दुसरीकडे शाळेला बाकं दिली. वाटपाच्या दिवशी मंडप होता, नारळ फुटला, फेटे बांधले गेले. गटातल्या बायका नटून आल्या होत्या. त्या दिवशी मलाही बरं वाटलं होतं, ते नाकारत नाही.

अडचण

पुढच्या वर्षीचा निधी ठरायच्या आधी, फेब्रुवारी २०२३ च्या शेवटी, मी आणि आमची एक कार्यकर्ती घरोघर गेलो. ४० पैकी ११ मशीन चालू होत्या. त्यातल्याही सात जणींना आधीपासून शिवण येत होतं.

एका घरातलं दृश्य डोळ्यांसमोरून जात नाही. मधल्या खोलीत भिंतीला मशीन, तिच्यावर जुनी नऊवारी अंथरलेली आणि त्या लुगड्यावर देठ काढलेली ब्याडगी मिरची पसरलेली. अंगणात दुसरं लुगडं, त्यावर संकेश्वरी. वहिनी तव्यावर सुकं खोबरं परतत होत्या. त्यांच्या घरी वर्षाची चटणी करायचं काम चाललं होतं. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे चटणी म्हणजे कांदा-लसूण घालून कुटलेलं तिखट. ते घरात नसेल तर चूलच पेटत नाही. वहिनींनी मशीनवरची मिरची घाईघाईने आवरायला घेतली, चोरी पकडल्यासारखी.

"ऱ्हाऊ दे वैनी," आमची कार्यकर्ती म्हणाली, "मशीनचं काय झालं तेवढं सांगा."

"मशीन चांगलंच हाय की. पर गावात तीन टेलर हाईत. माझ्याकडं ब्लाऊज कोण टाकणार?"

दुसऱ्या गावातल्या गटाच्या अध्यक्ष काकींनी वेळेचा हिशोब मांडला. पहाटे धारा, सातच्या आत डेअरीला दूध, मग वैरण, स्वयंपाक, रोजगाराला गेलं तर दुपारपर्यंत शेत, आणि साडेपाचला परत डेअरी. "बारा ते चार सोडून कवाबी बोलवलं तर कोण येणार न्हाई. म्हशी कुणी धरायच्या?" आमचा शिवणवर्ग सकाळी दहाला होता. वेळ ठरवताना आम्ही कोणालाही विचारलं नव्हतं.

तिसरी गोष्ट त्या फेरीत योगायोगानेच कळली. एका गटाची सचिव, वय ३८, हिशोबाची वही लखलखीत ठेवणारी. अंगणवाडी मदतनीसाची जागा निघाली तेव्हा तिने अर्जच केला नाही, कारण त्या जागेलाही आता बारावी पास लागतं आणि तिची शाळा नववीतच सुटलेली. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातून उत्पादन उद्योगासाठी १० लाखांवरचा प्रकल्प मांडायचा तरी किमान आठवी पास असावं लागतं. तिच्यासारख्या किती आहेत ते मोजलं. तीन गावांतल्या गटांत चाळिशीच्या आतल्या, दहावी न झालेल्या ५१ बायका निघाल्या. शाहू महाराजांनी १९१७ साली ज्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, त्या मातीतली ही यादी आहे. ती लिहिताना मला लाज वाटली.

समोरचे पर्याय

मार्च तोंडावर होता आणि कंपनीकडे त्या वर्षाचे पुन्हा १४ लाख तयार होते. टेबलावर चार गोष्टी आल्या.

कंपनीचा पहिला विचार होता शिवणकामच पुढे न्यायचं. कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीत कपड्याचे कारखाने आहेत, तिथे काम मिळेल असं गणित होतं. पण आमच्या गावांतून तिथे जायचं म्हणजे दोन गाड्या बदलायच्या आणि पाळीच्या वेळा पाळायच्या. ज्या घरी दोन म्हशी आहेत तिथली बाई हे करूच शकत नाही. हा पर्याय काकींच्या एका वाक्यात बाद झाला.

दुसरा, मालकांच्या मनातला: दहावी-बारावीत पहिल्या आलेल्या मुलींना शिष्यवृत्ती. करायला सोपं, दिसायला चांगलं. पण पहिली आलेली मुलगी कशीही करून पुढे जातेच. ४५ टक्के मिळवणारीचं शिक्षण थांबतं, आणि आमच्या गावांत ते बहुतेक वेळा फीपेक्षा गाडीमुळे थांबतं. बारावीपर्यंतच्या ग्रामीण मुलींना एसटीचा मोफत पास आहे, पण गाडीच वेळेवर नसेल तर पास काय करणार? या मुद्द्याला तेव्हा आम्ही हात घातला नाही.

तिसरा पर्याय चटणी करून विकण्याचा आणि चौथा शाळा सुटलेल्या बायकांना दहावीला बसवण्याचा. आम्ही हे दोन्ही एकत्र मांडले. अकाउंट्सच्या साहेबांनी रास्त प्रश्न विचारला: "यातलं काहीच ३१ मार्चच्या आत होणार नाही. मग पैसे कुठे दाखवू?"

या प्रश्नावर पुढचं सगळं अवलंबून होतं. २०२१ च्या जानेवारीत सीएसआरचे नियम बदलले. त्यानुसार संचालक मंडळाने एखादं काम बहुवर्षीय म्हणून मंजूर केलं, तर ज्या वर्षी ते सुरू होतं ते वर्ष सोडून पुढची तीन आर्थिक वर्षं ते चालू ठेवता येतं. न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत बँकेतल्या वेगळ्या खात्यात टाकायची आणि तिथून ठरल्याप्रमाणे खर्च करायची. साहेबांना हे माहीत नव्हतं, आणि आम्हालाही आदल्या वर्षी माहीत नव्हतं. तेव्हा माहीत असतं तर ४० मशीन पाच आठवड्यांत वाटाव्या लागल्या नसत्या. कंपनीच्या सीएंनी खातरजमा केली, मार्चच्या बैठकीत ठराव झाला आणि १४ पैकी १२ लाख तीन वर्षांसाठी बाजूला निघाले.

दुसरी अडचण पगाराची. पूर्णवेळ कार्यकर्ती आणि शिकवणाऱ्या बाईंचं मानधन मिळून निम्मा खर्च होत होता. प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांवर जाऊ नये असा नियम आहे, म्हणून मॅडमनी त्यावर काट मारली. नियम नीट वाचला तर ही मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या खर्चाला आहे. एखाद्या प्रकल्पाच्या प्रत्यक्ष अंमलबजावणीवरचा खर्च त्यात धरत नाहीत. पत्र लिहून, कलम दाखवून हे मान्य करून घेतलं. माझ्या पाहण्यात अनेक संस्था इथेच गप्प बसतात आणि माणसांशिवाय फक्त वस्तू वाटत राहतात.

काय केलं

दहावीसाठी मार्ग होता १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसण्याचा अर्ज. ५१ पैकी २३ जणी तयार झाल्या. शाळा सोडल्याचा दाखला शोधणं हेच मोठं काम निघालं. कोणाची माहेरची शाळा राधानगरीत, कोणाची चंदगडात, कोणाची सीमेपलीकडे निपाणीत. लग्नानंतर बदललेलं नाव, दाखल्यावर वेगळं आडनाव, आधारला तिसरंच. आमच्या कार्यकर्तीने जुलै आणि ऑगस्ट यातच घालवले. वर्ग बारा ते अडीच, डेअरीच्या वरच्या खोलीत, आठवड्यातून पाच दिवस. लहान मुलं सोबत येत. एका आजींना त्यांना सांभाळायचं मानधन दिलं. ते आमच्या मूळ अंदाजपत्रकात नव्हतं.

सासरकडच्यांचा विरोध होईल अशी भीती होती, तो फारसा झाला नाही. खरी अडचण गणिताची होती. घरखर्चाचे सगळे हिशोब तोंडी करणाऱ्या बाईला फळ्यावर क्ष दिसला की तिचा हात थांबायचा. शिकवणाऱ्या बाईंनी मग प्रत्येक उदाहरण दुधाच्या फॅटवर आणि गटाच्या कर्जाच्या व्याजावर बेतलं. ते जमलं.

चटणीच्या बाजूला निर्णय जास्त होते. पहिला: डंक, म्हणजे कांडपाचं यंत्र, कोणाच्या मालकीचं? कंपनीला ते संस्थेच्या नावावर हवं होतं, हिशोब तपासायला सोपं म्हणून. नियमाप्रमाणे सीएसआरमधून उभी राहिलेली मालमत्ता लाभार्थींच्या बचत गटाच्या किंवा समूहाच्या नावावरही ठेवता येते. आम्ही बचत गटांच्या ग्रामसंघाच्या नावाचा आग्रह धरला आणि तो मान्य झाला. आमच्या नावावर यंत्र असतं तर दुरुस्तीसाठीही बायका आमच्याकडे बघत राहिल्या असत्या.

दुसरा: जागा. ग्रामपंचायतीची नदीकडची जुनी खोली फुकट मिळत होती. तिच्या भिंतीवर जुलै २०२१ च्या पुराची रेघ अजून दिसत होती, माझ्या छातीएवढी. मला फुकट जागेचा मोह झाला होता. काकी म्हणाल्या, "पाणी परत येतंय, सायेब. डोळ्यानं बघितलंय आमी." शेवटी शाळेमागच्या उंचावरची खोली दुरुस्त करून घेतली. जुलै २०२४ मध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्याजवळची ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली, तेव्हा नदीकडच्या त्या खोलीत पुन्हा पाणी होतं.

तिसरा निर्णय आमचा चुकला. डंक सप्टेंबर २०२३ मध्ये मागवला आणि थ्री फेज विजेच्या जोडणीचा अर्ज त्यानंतर केला. ना हरकत दाखला, खोलीचा उतारा, पुन्हा अर्ज, असं करत जोडणी मिळाली मे २०२४ च्या अखेरीस. चटणीचा हंगाम मार्च ते मे. म्हणजे पूर्ण एक हंगाम नवा डंक कापडात गुंडाळलेला राहिला आणि बायका शेजारच्या गावातल्या डंकावर मजुरी देऊन कुटून आणत होत्या. आधी वीज, मग यंत्र. हा क्रम एखाद्या शेतकऱ्याला विचारला असता तरी त्याने सांगितला असता.

माल त्याआधीच, एप्रिल २०२३ पासून, थोडा थोडा सुरू झाला होता. अन्नसुरक्षा नोंदणी केली. तेव्हा १२ लाखांच्या आतल्या उलाढालीला ती साधी नोंदणी पुरत होती, वर्षाला १०० रुपये शुल्कात. उद्यम, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योगांची, नोंदणीही झाली. आणि जुलैत पहिला फटका बसला. ६० किलो चटणीला बुरशी आली. कांदा पूर्ण कोरडा होईपर्यंत परतला नव्हता आणि माल कोमट असतानाच पाकिटं सील केली होती. घरी बरणीत, वर तेल घालून, वर्षभर टिकणारी चटणी प्लास्टिकच्या पाकिटात पावसाळ्यात टिकत नाही. चटणी करणाऱ्या चौदा जणींनी मिळून तो माल मळ्यात खड्डा करून पुरला. त्या दिवशी कोणी जेवलं नाही. त्यानंतर कांदा घालायचा तो उन्हात वाळवून, कुरकुरीत झाल्यावरच, आणि ताटात रात्रभर थंड झाल्याशिवाय पाकीट भरायचं नाही, हे ठरलं. आजवर ते मोडलेलं नाही.

ऑक्टोबर २०२३ पासून कंपनीच्या कँटीनने महिन्याला ३० किलो घ्यायला सुरुवात केली. ही खरेदी सीएसआरमध्ये दाखवायची नाही, नेहमीच्या खरेदीत धरायची, असं सुरुवातीलाच लेखी ठरवलं. पण खरेदी विभागाच्या छापील अटीत पैसे ९० दिवसांनी होते. तिसऱ्या महिन्यात गटाकडे मिरची घ्यायला पैसे उरले नाहीत. देणगी देणाऱ्याकडेच थकलेल्या बिलाचे पैसे कसे मागायचे, म्हणून आम्ही गप्प राहिलो. बायकाही गप्प राहिल्या. तो संकोच दोन महिने चालला.

तो सुटला कायद्याने. लघुउद्योग कायद्याप्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असला तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसला तर १५ दिवसांत द्यावे लागतात. २०२३-२४ पासून आयकरातही तरतूद आली की मुदत उलटूनही वर्षअखेर थकलेली अशी रक्कम त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीच्या सीएंनी सगळ्या पुरवठादारांची यादी काढली, त्यात हा गट सापडला. आठवड्यात पैसे आले आणि पुढची मुदत १५ दिवसांची झाली.

काय झालं

मार्च २०२४ च्या दहावीला २३ पैकी १९ जणी बसल्या. १२ पास झाल्या, जुलैच्या पुरवणी परीक्षेत आणखी ४. एकीच्या घरात मायलेकींनी एकाच वर्षी परीक्षा दिली. लेकीला आईपेक्षा जास्त गुण मिळाले आणि आईने ते गल्लीभर सांगितलं. ती ३८ वर्षांची सचिव पास झाली आणि आता बारावीचा अर्ज भरून बसली आहे. चार जणींनी परीक्षेआधीच सोडलं. त्यातल्या दोघींनी पुराच्या भीतीने घर बदललं, एकीचा नवरा अंथरुणाला खिळला, एकीने कारण सांगितलं नाही.

२०२४-२५ मध्ये चटणीची विक्री ६ लाखांच्या घरात गेली. मिरची, खोबरं, पॅकिंग, वीज वजा जाता १ लाख ९० हजार उरले. चौदा जणींत वाटले तर एकीला वर्षाला साडेतेरा हजार. हा आकडा लहान आहे आणि तो लहान म्हणूनच सांगायला हवा. दिवसाच्या मजुरीच्या हिशोबात तो शेतरोजगारापेक्षा फार वर जात नाही.

आम्हाला अपेक्षा नव्हती ती कमाई डंकाने दिली. २०२५ च्या हंगामात तीन गावांतल्या सुमारे ६०० घरांनी आपली मिरची, आपला मसाला आणून इथे कुटून नेला. एकूण ३,००० किलोच्या आसपास, किलोला ४० रुपये. वीज आणि दुरुस्ती जाऊन ९० हजार उरले, तेही अडीच महिन्यांत आणि एका वेळी दोघी-तिघींच्या श्रमावर. ना भांडवल अडकलं, ना लेबल, ना बुरशीची भीती. आम्ही पाकिटाच्या डिझाइनवर तीन बैठका घेतल्या होत्या, कांडपाच्या दरपत्रकावर एकही नाही.

शिलाई मशीनचंही थोडं भलं झालं. ज्यांना नको होत्या त्यांच्याकडून १४ मशीन गटाने परत घेऊन शिवण येणाऱ्या मुलींना हप्त्याने दिल्या.

पुन्हा करायचं झालं तर

फेब्रुवारीतला तो पहिला फोन आला तेव्हाच बहुवर्षीय प्रकल्पाचा पर्याय कंपनीसमोर ठेवेन, आणि कंपनी नको म्हणाली तर त्या वर्षी काम घेणार नाही. हे लिहायला सोपं आहे. लहान संस्थेला असा नकार परवडत नाही, हेही मला माहीत आहे. तरी घेणार नाही.

एकाच ग्राहकावर, तोही देणगीदारच, विक्रीचा मोठा भाग टाकणार नाही. आणि मागायचंच असेल तर यंत्रांआधी खेळतं भांडवल मागेन. फेब्रुवारी-मार्चमध्ये गडहिंग्लजच्या बाजारात रोख पैसे घेऊन उभी राहणारी बाई आणि जूनमध्ये दुकानदाराकडून उधार घेणारी बाई यांच्या चटणीच्या किमतीत जो फरक पडतो, तोच बहुतेक त्यांचा नफा असतो.

हिशोबाची वही आमच्या कार्यकर्तीने दीड वर्ष स्वतःकडे ठेवली, चुका होऊ नयेत म्हणून. सचिवबाईंची वही पहिल्यापासून आमच्यापेक्षा स्वच्छ होती. ती पहिल्या महिन्यातच त्यांच्या हातात जायला हवी होती.

राहिला तो मुलींच्या गाडीचा प्रश्न. जुलै २०२४ पासून वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास (एसईबीसी) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ झाली आहे. पण आमच्या गावाकडे येणारी शेवटची गाडी शहरातून साडेपाचला सुटते, आणि सायन्सच्या मुलींचं प्रॅक्टिकल त्याच सुमाराला संपतं. मंजूर अंदाजपत्रकात याला जागा नव्हती, म्हणून आम्ही पुढच्या वर्षाचा प्रस्ताव लिहायला बसलो. तो लिहून व्हायच्या आत ग्रामसंघाची मे २०२५ ची बैठक झाली. कांडपाच्या ९० हजारांतून पाच मुलींसाठी संध्याकाळची वडाप जीप महिन्याच्या भाड्याने लावायची आणि गाडीची वेळ बदलावी म्हणून एसटी आगाराला अर्ज द्यायचा, असे दोन ठराव त्यांच्या वहीत आहेत. जीप जूनपासून सुरू आहे. अर्जाला उत्तर यायचं आहे.